तुम्ही विचारलंत म्हणून: परक्या कोर्टाचा काय संबंध?

आंतरराष्ट्रीय कायद्यावर बोलून झालं की कोणी ना कोणी विचारतंच: "अत्याचार त्यांच्या देशात झाले, करणारे त्यांचे, सोसणारेही त्यांचेच. मग तिसऱ्याच देशातल्या न्यायाधीशाचा काय संबंध? सार्वभौमत्व म्हणून काही आहे की नाही?"

आहे ना. त्यातूनच तर हा संबंध जुळतो.

चिलीचा माजी हुकूमशहा पिनोशे याचं प्रकरण घ्या. 16 ऑक्टोबर 1998 च्या रात्री लंडनमधल्या एका खासगी रुग्णालयात, पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर तो पडून असताना, ब्रिटिश पोलिसांनी त्याला अटक केली. वॉरंट स्पेनचे न्यायाधीश बाल्तासार गार्सोन यांचं, आरोप मुख्यतः चिलीत झालेल्या अत्याचारांचे. चिली सरकारने सार्वभौमत्वाचा मुद्दा लावून धरला. पण हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे, निर्णायक ठरला तो संयुक्त राष्ट्रांचा छळविरोधी करार. छळाचा आरोपी तुमच्या हद्दीत सापडला तर त्याला दुसऱ्या देशाच्या हवाली करा, नाहीतर खटल्यासाठी स्वतःच्या यंत्रणेकडे सोपवा, असं तो करार सांगतो. चिलीने तो मंजूर केला सप्टेंबर 1988 मध्ये. तेव्हा तिथे राज्य कोणाचं होतं? पिनोशेचंच! मार्च 1999 मध्ये लॉर्ड्सनी निकाल दिला की 8 डिसेंबर 1988 नंतरच्या छळाबाबत माजी राष्ट्रप्रमुख म्हणून त्याला संरक्षण नाही. तारीख इतकी काटेकोर, कारण त्या दिवशी ब्रिटननेही कराराला मंजुरी दिली. स्पेन आणि चिली आधीच बांधील होते. म्हणजे परक्या कोर्टाला दार उघडून दिलं होतं ते त्याच्याच सरकारने. (पुढे प्रकृतीच्या कारणावरून ब्रिटनने त्याला सोडलं आणि सांतियागोच्या विमानतळावर स्वारी चाकाच्या खुर्चीतून उठून चालू लागली, हे खरंच.)

आणि सार्वभौमत्व नक्की कोणाचं? चाडचा हुकूमशहा इसेन हाब्रे 1990 मध्ये सत्ता गेल्यावर सेनेगलला पळाला. त्याच्या आठ वर्षांच्या राजवटीत 40,000 माणसं मारली गेली, असा चाडच्याच चौकशी आयोगाचा अंदाज. वाचलेल्यांनी आधी सेनेगलची, मग बेल्जियमची दारं ठोठावली. 2002 मध्ये चाड सरकारने बेल्जियमला कळवलं की हाब्रेला आमच्याकडून कसलंही संरक्षण नाही. शेवटी आफ्रिकन युनियनशी करार करून सेनेगलमध्येच खास न्यायालय उभं राहिलं आणि 2016 मध्ये त्याला जन्मठेप झाली. चाडचं सार्वभौमत्व यात कुठे दुखावलं?

मला खटकतं ते वेगळंच. परक्या कोर्टाच्या तावडीत सापडतो तो सत्ता गमावलेला किंवा देश सोडलेला माणूस. सीरियाच्या गुप्तचर खात्यातला अन्वर रसलान जर्मनीत आश्रयाला आला. आपल्यावर पाळत आहे अशी तक्रार घेऊन 2015 मध्ये तो स्वतःच बर्लिनच्या पोलिसांकडे गेला आणि आपण पूर्वी काय काम करत होतो, तेही सांगून बसला! जानेवारी 2022 मध्ये कोब्लेंट्सच्या न्यायालयाने त्याला जन्मठेप ठोठावली. खुर्चीवर बसलेल्याचं काय? काँगोच्या परराष्ट्रमंत्र्याविरुद्ध बेल्जियमने काढलेलं वॉरंट 2002 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने रद्द करायला लावलं: पदावर आहे तोवर त्याला हात लावता येणार नाही.

बलाढ्य देशांची तर गोष्टच निराळी. आखाती युद्धाबद्दल थोरल्या जॉर्ज बुश यांच्याविरुद्ध बेल्जियममध्ये तक्रार दाखल झाली, तेव्हा अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी ब्रसेल्समधल्या नाटोच्या नव्या मुख्यालयाचा पैसा अडवण्याची धमकी दिली. 2003 च्या ऑगस्टमध्ये बेल्जियमने, कुठल्याही देशातल्या अशा गुन्ह्यांवर खटला चालवू देणारा आपला व्यापक कायदा मागे घेतला. बुश यांच्याविरुद्धची तक्रार बारगळली. हाब्रेची चौकशी मात्र चालूच राहिली.