एका प्रथिनाच्या मागे

गुरुवार, रात्री उशिरा

संध्याकाळपासून जीवरसायनशास्त्रज्ञ रॉन कॅबॅक यांचे जुने शोधनिबंध वाचत बसले आहे. १९३६ साली फिलाडेल्फियात जन्मलेला, डॉक्टरकी शिकलेला हा माणूस ई. कोलाय या जिवाणूच्या एका प्रथिनापाशी अनेक दशकं थांबला. ते प्रथिन म्हणजे लॅक्टोज परमिएज, आम्ही बोलताना नुसतं ‘लॅक-वाय’ म्हणतो. दुधातल्या साखरेचा एक रेणू आणि त्याच्यासोबत एक प्रोटॉन पेशीत आणायचा, एवढंच त्याचं काम. प्रोटॉनला आत यायचीच ओढ असते, तिच्या जोरावर साखर आत आधीच भरपूर असली तरी आणखी आत येते.

१९६६ मध्ये त्यांनी दाखवलं की जिवाणूची पेशी फोडून उरलेलं नुसतं पटल (पेशीभोवतीचं पातळ आवरण) सुद्धा प्रोलीन हे अमिनो आम्ल आत घेतं. पेशीतला बाकी सगळा पसारा बाजूला काढून वाहतूक तेवढी अभ्यासता येऊ लागली. पुढे पटलाच्या या पोकळ पिशव्यांना लॅक्टेट दिलं की त्या जोमाने साखर ओढतात हे दिसलं. त्यावरून त्यांनी मत मांडलं की श्वसनसाखळीतले, म्हणजे पटलातल्या ऊर्जा मिळवणाऱ्या प्रथिनांच्या मालिकेतले, घटकच साखर वाहून नेत असावेत. तिकडे इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ पीटर मिचेल सांगत होते की श्वसनाने पटलाच्या दोन बाजूंना प्रोटॉनचा फरक तयार होतो आणि वाहतूक त्यावर चालते. कॅबॅकना ते आधी पटलं नव्हतं. मग सत्तरच्या दशकाच्या मध्याला त्यांच्याच प्रयोगशाळेने त्याच पिशव्यांमधला विद्युतदाब आणि पीएचचा फरक मोजला, आणि आकडे मिचेल यांच्या बाजूने आले. कॅबॅकनी स्वतःचं मत सोडलं आणि त्याच तत्त्वावर उरलेलं सगळं काम उभं केलं. मला त्यांच्याबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो इथे.

नंतरचं काम वाचताना तर दडपायला होतं. लॅक-वायमध्ये ४१७ अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतले दुवे. त्यातलं १४८ व्या जागेचं सिस्टीन हे अमिनो आम्ल कामाला आवश्यक असणार अशी सगळ्यांची समजूत, कारण त्याला रसायन चिकटवलं की वाहतूक बंद पडायची. त्यांनी ते बदललं, तरी प्रथिन चालू राहिलं. मग आठही सिस्टीन काढून टाकली, तरी चालू! त्या कोऱ्या प्रथिनात मग एकेका जागी एकेक सिस्टीन बसवून जवळजवळ प्रत्येक जागा तपासली. ज्यांच्यावाचून अजिबात चालत नाही अशा जागा दहासुद्धा निघाल्या नाहीत.

त्यांतली ३२५ व्या जागेवरच्या ग्लुटामेट या अमिनो आम्लाची गोष्ट मी विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगते. ते बदललं तर प्रथिन साखरेची पटलाच्या दोन बाजूंत अदलाबदल व्यवस्थित करतं, पण साखर आत साठवू शकत नाही. म्हणजे प्रथिनाचं कूस बदलणं (एकदा बाहेरच्या, एकदा आतल्या बाजूला उघडणं) शाबूत आहे, प्रोटॉन सोडणं तेवढं अडलं आहे. इतक्या साध्या प्रयोगातून दोन पायऱ्या इतक्या स्वच्छ वेगळ्या झालेल्या मी क्वचित पाहिल्या आहेत.

प्रथिनाची त्रिमितीय रचना मात्र हाती लागेना. ती पाहायला आधी त्याचे स्फटिक लागतात. सतत हलणाऱ्या प्रथिनाचे स्फटिक कसे होणार? अखेर १५४ व्या जागी सिस्टीनऐवजी ग्लायसीन हे अमिनो आम्ल असलेला म्युटंट (बदललेलं प्रथिन) कामी आला. तो साखर छान धरतो, पण जवळजवळ वाहूनच नेत नाही. २००३ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या सो इवाटा यांच्या गटासोबत ३.५ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) इतक्या बारकाव्याची रचना प्रसिद्ध झाली: प्रथिनाच्या साखळीची १२ सर्पिलं (मळसूत्री वेटोळी), मधोमध साखर, पेशीच्या आतल्या बाजूला उघडी पोकळी, बाहेरची बाजू बंद.

आम्ही पाठ्यपुस्तकात हेच चित्र पाहतो आणि पुढे जातो. त्यांना बाहेर उघडणारं रूपही हवं होतं. लामा या प्राण्यापासून मिळवलेल्या इवल्याशा प्रतिपिंडांनी प्रथिनाला त्या रूपात धरून ठेवलं, आणि ती रचना २०१६ मध्ये आली. तेव्हा कॅबॅक ८० वर्षांचे होते.