कोणता पियानो घेऊ? तुम्ही विचारलंत म्हणून

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की आणि पुन्हा दिवाळीच्या बोनसच्या सुमारास हा प्रश्न हमखास येतो. कधी जिन्यात, कधी भाजीवाल्यापाशी, कधी क्लासच्या दारात मुलाला चपला घालता घालता: "ताई, डिजिटल पियानो घ्यायचाय, कोणता घेऊ?" ठाण्यात पाचपाखाडीतल्या माझ्या घरी मी २० हून जास्त वर्षं पियानो शिकवते आहे. जिन्यात दिलेलं उत्तर दर वेळी अर्धंच राहतं, म्हणून आज बसून सगळं लिहिते.

मी आधी एकच विचारते, "पट्टीला वजन आहे का?" त्यात आवाज किती आहेत, ताल किती आहेत, ब्लूटूथ आहे का, हे सगळं नंतर.

वजन म्हणजे काय ते पेटीवरून चटकन कळतं, कारण पेटी आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात आहे. पेटीची पट्टी दाबली की आतली झडप उघडते आणि भात्याची हवा रीडमधून जाते. पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, सूर तेवढाच. लहानमोठा करायचा तो भात्याने. पियानोत पट्टी दाबल्यावर एक हॅमर, म्हणजे छोटी हातोडी, तारेवर फेकला जातो. बोट किती वेगाने खाली गेलं, तेवढ्या वेगाने हॅमर जातो आणि तेवढा आवाज येतो. फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास हे वाद्य घडवलं, तेव्हा त्याच्या नावातच ‘पियानो ए फोर्ते’ होतं, म्हणजे हळू आणि जोरात. पुढे नुसता ‘पियानो’ उरला.

डिजिटल पियानोत तारा नसतात. पट्टीखाली कमीजास्त खोलीवर सेन्सर असतात. एक ओलांडून दुसऱ्यापर्यंत जायला पट्टीला किती वेळ लागला, त्यावरून बोटाचा जोर ओळखला जातो. मिडी नावाची जी पद्धत १९८३ पासून सगळीकडे रुळली आहे, ती या जोराला १ ते १२७ असा आकडा देते. पण हे मोजणं अर्धंच काम झालं. बोटाला खाली काहीतरी तोलायला मिळालं पाहिजे, तरच त्याला १० आणि ३० मधला फरक करता येतो. म्हणून चांगल्या डिजिटल पियानोत पट्टीच्या मागे खरोखरचा छोटा हॅमर बसवतात, खर्जाकडे जड आणि वर जाताना हलका होत जाणारा. याला हॅमर ॲक्शन म्हणतात. दुकानात हाच शब्द विचारा. ‘सेमी-वेटेड’ असं उत्तर आलं, तर तिथे बहुधा नुसती स्प्रिंग असते.

गेल्या वर्षी नौपाड्यातल्या एका आजोबांबरोबर मी मुंबईत धोबी तलावला गेले होते. आयुष्यभर भजनात पेटी वाजवलेले, वय ६८. सीएसएमटीला उतरून चालत गेलं की तिकडे वाद्यांची जुनी दुकानं आहेत, १८६५ पासूनचं फुर्टाडोजही तिथलंच. आजोबांनी आधी हलक्या पट्ट्यांच्या एका कीबोर्डवर काळी एकचा सा धरला आणि सराईतपणे अभंगाची एक ओळ वाजवली. मग शेजारच्या हॅमर ॲक्शनच्या पियानोवर तीच ओळ घेतली आणि मध्येच थांबले. एकच पट्टी चार-पाच वेळा दाबून पाहिली. "अहो, हळू दाबलं की हळूच वाजतंय," ते म्हणाले. भाता सांभाळायची सवय असलेला त्यांचा डावा हात तोवर मांडीवर रिकामाच होता. तोही त्यांनी उचलून खर्जाच्या पट्टीवर ठेवला. मग पट्टी दाबून धरली आणि सूर ओसरताना ऐकत राहिले. पेटीत भाता चालू आहे तोवर सूर उभा राहतो. पियानोचा सूर वाजला त्या क्षणापासून उतरायला लागतो, आणि पुढचा सूर त्या उतरत्या सुराला जोडून घ्यायचा असतो. आजोबांना हे दहा मिनिटांत कळलं, कारण बोटाखाली ते जाणवत होतं.

मला हे कळायला वर्षं लागली. १९९३ साली, मी ११ वर्षांची असताना, घरी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आणला गेला. पट्ट्या हलक्या होत्या आणि कशाही दाबल्या तरी आवाज एकच. आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून घेतलेला तो, आणि मी दोन वर्षं त्यावर मन लावून सराव केला. पियानोच्या परीक्षेच्या खोलीत मात्र खरा अपराइट, म्हणजे उभा, तारांचा पियानो होता. माझ्या धड्याची सुरुवात हळुवार होती. मी नेहमीसारखी बोटं ठेवली, आणि निम्मे सूर वाजलेच नाहीत. घाबरून जोर लावला, तर नको ते सूर ठणकन बाहेर आले. मी पास झाले, पण नंतर सहा महिने मनगट आणि बोटं नव्याने घडवावी लागली. म्हणूनच "आधी साधा कीबोर्ड घेऊ, पुढे शिकला तर मोठा घेऊ" असं कोणी म्हणालं की मला राहवत नाही. पैशाच्या बाजूने तो विचार बरोबर आहे, मी समजू शकते. पण वजन नसलेल्या पट्टीवर मूल पियानो शिकतंय की नाही, याची परीक्षा होतच नाही. बऱ्याच मुलांना कंटाळा येतो तो याच कारणाने: काहीही केलं तरी आवाज एकसारखा, मग ऐकायचं काय?

मूल पाच-सहा वर्षांचं असेल आणि आवड आहे की नाही याचा काहीच अंदाज नसेल, तर पहिले तीन-चार महिने काहीही घेऊ नका. शिकवणाऱ्यांकडेच सरावाला थोडा जास्त वेळ मागा. मी देते, बाकीचेही देतात. अगदीच घरात काहीतरी हवं असेल, तर ६१ पट्ट्यांचा टच सेन्सिटिव्ह, म्हणजे बोटाच्या जोराप्रमाणे आवाज लहानमोठा करणारा, कीबोर्ड कोणाकडून तरी काही महिन्यांसाठी आणा. लहान आकाराच्या पट्ट्यांचा मात्र आणू नका, बोटांमधलं अंतर चुकीचं बसतं.

कीबोर्डला मी कमी लेखत नाही. ज्यांना गाण्यामागे ताल लावून वाजवायचंय, सोसायटीच्या गणपतीत ऑर्केस्ट्रात साथ करायची आहे, त्यांचं वाद्य तेच. यामाहाच्या पीएसआर-आय५०० सारख्या कीबोर्डमध्ये तबला, तानपुरा असे आपले आवाजही मिळतात. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या परीक्षांतही पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड हे दोन वेगळे विषय आहेत. मुलाला कशाला घातलंय, तेवढं आधी विचारून घ्या.

आता पैसे. मी हे लिहिते आहे तेव्हा ८८ पट्ट्या आणि हॅमर ॲक्शन असलेला, नाव असलेल्या कंपनीचा पियानो साधारण ३५ ते ५५ हजारांत सुरू होतो. यामाहाचा पी-१४५, कॅसिओचा सीडीपी-एस११०, रोलंडचा एफपी-१० हे त्यातले. या तिघांतला कुठलाही घेतलात तरी नवशिक्याला चार-पाच वर्षं काही कमी पडत नाही. माझं मन रोलंडकडे झुकतं, कारण त्याच्या पट्टीखाली तीन सेन्सर आहेत आणि पट्टी पूर्ण वर यायच्या आत तोच सूर पुन्हा घेता येतो. यामाहाची पट्टी त्याहून हलकी, लहान मुलांना ती लवकर मानवते. कॅसिओ सडपातळ आहे, अरुंद खोलीत भिंतीलगत सहज मावतो. नुसतं ‘८८ पट्ट्या’ वाचून ऑनलाइन १५-२० हजारांत काही मागवू नका. पट्ट्यांची संख्या बरोबर असते, वजन नसतं. एका पालकांनी असा घेतला, आणि दीड वर्षात दुसरा घ्यावा लागला.

पेटीवाल्यांना ८८ पट्ट्या खूप वाटतात. सुरुवातीच्या वर्षांत मूल मधल्या चार सप्तकांबाहेर फारसं जात नाही, हेही खरं. पण हॅमर ॲक्शन बहुतेक ८८ मध्येच येते, त्यामुळे हा प्रश्न आपोआप सुटतो. आणि पेटीत स्केल चेंजर असतो तसं यात ट्रान्सपोझचं बटण असतं: बोटं तीच ठेवून सगळे सूर वर-खाली सरकवता येतात. घरात कोणी काळी पाचमध्ये गाणारं असेल तर साथीला उपयोगी पडतं.

बजेट करताना स्टँड, बाक, चांगलं पेडल आणि हेडफोन यांचे वेगळे ८-१० हजार धराच. सगळे पैसे पियानोत घालून तो डायनिंग टेबलवर ठेवलेला मी पाहिला आहे. टेबल उंच, त्यात पियानोची जाडी. मुलाचे खांदे कानाला लागलेले आणि मनगटं खाली लोंबणारी. बसल्यावर कोपर साधारण पट्टीच्या पातळीला यायला हवं आणि पायांखाली काहीतरी टेकायला हवं. पियानोबरोबर जे छोटं चपटं पेडल येतं ते आपल्या गुळगुळीत लादीवर सरकत जातं. त्याखाली रबरी मॅटचा तुकडा ठेवा.

दुकानात गेलात की विक्रेता डेमोचं बटण दाबतो आणि छान मैफल सुरू होते. ती बंद करायला सांगा. स्वतःला वाजवता येत नसलं तरी तीन गोष्टी करून बघता येतात. मधली एक पट्टी अगदी सावकाश, फुलपाखरू बसावं तशी तळापर्यंत न्या. चांगल्या पियानोत आवाज येणारच नाही, किंवा जेमतेम येईल. मग तीच पट्टी हळूहळू जोर वाढवत दहा वेळा दाबा. दहा पायऱ्या ऐकू आल्या पाहिजेत, तीन नव्हे. आणि हेडफोन लावून अगदी डावीकडची एक पट्टी दाबून धरा, सूर विझेपर्यंत सोडू नका. ओसरताना तो गुळगुळीत उतरतो की मध्येच एकच तुकडा फिरवल्यासारखा घुमायला लागतो, ते कान सांगतात. विक्रेता घाई करेल. करू द्या.

पॉलिफनीच्या आकड्याबद्दल खूप जण विचारतात. एका वेळी किती सूर ऐकू येत राहतील तो आकडा. पेडल दाबून धरलं की जुने सूरही चालू राहतात, म्हणून तो मोठा लागतो. सुरुवातीला ६४ पुरतात. परीक्षेच्या चौथ्या-पाचव्या ग्रेडच्या, म्हणजे पायरीच्या, पुढे पेडलचं काम वाढलं की १२८ किंवा १९२ वाला बघा. त्या सुमाराला ६० हजार ते लाखाच्या घरातला पियानो घेणं सार्थकी लागतं.

आपल्या इमारतींबद्दल एक सांगायला हवं. हेडफोन लावून रात्री दहाला सराव करता येतो, हे डिजिटलचं मोठं सुख. पण हॅमर ॲक्शनच्या पट्ट्या तळाला आपटतात, आणि ती ठकठक स्टँडमधून लादीत आणि लादीतून खालच्या घरात उतरते. घोडबंदर रोडच्या एका विद्यार्थिनीच्या खालच्या मजल्यावरचे काका वर आले, "रोज रात्री लसूण कुटता का?" म्हणाले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. स्टँडच्या पायांखाली जाड रबरी मॅट घातल्यावर आवाज बराच कमी झाला. हेडफोन वायरचाच घ्या. ब्लूटूथमध्ये आवाज क्षणभर उशिरा पोचतो आणि बोट व कान यांची ताटातूट होते. काही पियानोंना जाड पिनेची जागा असते, त्यासाठी छोटा कनेक्टर मिळतो.

वापरलेला घ्यायला माझी ना नाही. बदली झाली, मुलं परदेशी गेली, की ठाण्यातल्या मोठ्या संकुलांमधून चांगले पियानो निघतात. फक्त ८८ च्या ८८ पट्ट्या एकसारख्या हलक्या हाताने दाबून बघा. आत रबरी कॉन्टॅक्ट असतात. त्यात मेट्रोच्या कामाची धूळ आणि चार पावसाळ्यांची दमट हवा बसली की एखादा सूर वाजत नाही, किंवा हळू दाबूनही एकदम किंचाळतो. साफसफाईने तो ठीक होतो, पण तो खर्च किमतीतून वजा करून घ्या. घरी आणल्यावर सुती कापडाने झाकून ठेवा आणि खिडकीपासून दूर ठेवा.

खरा, तारांचा पियानो कधी घ्यावा, असंही कोणी विचारतं. २०० किलोच्या वरचं वजन, सव्वादोनशेच्या आसपास तारा, आणि तारांचा आवाज मोठा करणारी लाकडी फळी, म्हणजे साउंडबोर्ड. आपल्या जुलैत ते लाकूड फुगतं, जानेवारीत आकसतं, आणि वर्षातून दोनदा तरी ट्यूनिंग लागतं. सातव्या-आठव्या ग्रेडचा गंभीर विद्यार्थी असेल आणि घरात जागा असेल, तर जरूर घ्या. मी स्वतः घेतला तो चाळिशीत.

तोवर चांगला डिजिटल पुरतो. बघायला जाल तेव्हा ज्याच्यासाठी घेताय त्याला सोबत न्या, आणि आदल्या रात्री त्याची नखं कापा. नखं वाढलेली असली की बोट वाकत नाही, आडवं पडतं, आणि मग कुठलीच पट्टी त्याला आपली वाटत नाही.