मुलांचा नृत्यवर्ग वयाप्रमाणे बांधताना: माझा अनुभव

लहान मुलांचे नृत्यवर्ग आणि वर्षअखेरचा कार्यक्रम त्यांच्या वयाला शोभेल, शरीराला सोसेल असा बांधायचा असेल, तर सुरुवात गाण्यापासून करावी असं माझं मत आहे. व्यायाम, कपडे, वेळापत्रक नंतर बदलता येतं. गाणं मात्र एकदा मुलांना सांगून झालं की मागे घेणं फार कठीण जातं.

गाण्याचे शब्द कागदावर उतरवायचे आणि चाल बाजूला ठेवून मोठ्याने वाचायचे. हे वाक्य सात वर्षांची मुलगी स्वतःबद्दल बोलते आहे असं समजून ऐकलं की बहुतेक वेळा निर्णय तिथेच होतो. नको असलेली ओळ कापून गाणं वाचवण्यात अर्थ नाही. मुलांना मूळ गाणं पाठ असतं, आणि कापलेल्या जागी ती नेमकी तीच ओळ म्हणतात. आम्ही अशा वेळी गाणंच बदलतो. सर्वांत लहान बॅचसाठी तर शब्द नसलेलं वाद्यसंगीत मला कधीही बरं वाटतं.

मग स्टेप्स. तालमीचा व्हिडिओ आवाज पूर्ण बंद करून पाहायचा. संगीत नसलं की हावभाव उघडे पडतात: ओठ चावणं, डोळा मारणं, स्वतःच्या अंगावरून हात फिरवणं, जमिनीवरून प्रेक्षकांकडे सरपटत येणं. कंबर हलवणं मुळात वाईट नाही, कितीतरी लोकनृत्यांत ते आहेच. बघायचं ते चेहरा काय सांगतो आणि हालचालीचा रोख कुठे आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या 2007 च्या अहवालात मुलींच्या लैंगिकीकरणाच्या खुणा दिल्या आहेत, आणि मोठ्यांची लैंगिकता मुलावर लादणं ही त्यातलीच एक. आम्ही त्यावरून साधा नियम ठेवला: ज्या हावभावाचा अर्थ मुलाला मोकळेपणाने समजावून सांगता येत नाही, तो नाचात नाही. त्यामुळे रिकाम्या झालेल्या 8 काउंटमध्ये, म्हणजे आठ आकडे मोजण्याइतक्या तुकड्यात, उडी, दिशाबदल, बसून उठणं किंवा एकामागून एक जाणारी लाट बसते. नाच त्याने फिका पडत नाही, उलट मुलांना खरोखर नाचायला मिळतं.

कपडे उभं राहून नव्हे, तर पूर्ण नाच करून तपासायचे. हात वर, पुढे वाकणं, उकिडवं बसणं, उडी, गिरकी. कुठेही कापड सावरावं लागलं तर शिवण बदलायची, कारण मूल कपडे ओढत राहिलं की त्याचं लक्ष नाचात राहत नाही. आत अंगासरशी बनियन आणि शॉर्ट्स, पायात टाचा नसलेलं पादत्राण. कपडे बदलायच्या खोलीत किमान दोन जबाबदार मोठी माणसं, आणि फोन बाहेर.

शरीराच्या बाबतीत सर्वाधिक चुका लवचीकतेच्या नावाखाली होतात. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेची वाढपट्टी असते आणि ती ताणाला हाडापेक्षा कमजोर असते. वाढीच्या वेगात हाडं आधी लांब होतात, स्नायू मागे राहतात. त्यामुळे गुडघ्याखाली जिथे स्नायूबंध हाडाला जोडतो तिथे, किंवा टाचेच्या मागे, दुखायला लागतं. डॉक्टर पहिल्याला ऑसगुड-श्लॅटर आणि दुसऱ्याला सेव्हर्स म्हणतात. अशा काळात तोल बिघडतो, आधी येणारी गिरकी येईनाशी होते. मूल आळशी झालेलं नसतं. साधारणपणे मुलींमध्ये हा वेग 11-12 च्या आसपास आणि मुलांमध्ये 13-14 च्या आसपास सर्वाधिक असतो, पण वयावर न जाता उंचीवर जावं. आम्ही दर तीन महिन्यांनी एकाच भिंतीवर उंची मोजतो. ती झपाट्याने वाढताना दिसली की त्या मुलाच्या उड्या आणि खोल ताण (स्ट्रेचिंग) कमी करतो.

स्प्लिटसाठी, म्हणजे दोन्ही पाय फाकवून जमिनीला टेकवण्यासाठी, मुलाच्या पाठीवर बसणं, खांदे दाबणं, पाय उचलून भिंतीला टेकवणं हे पूर्ण बंद. ताण मुलाने स्वतःच्या ताकदीने घ्यायचा, तोही वर्गाच्या शेवटी, अंग गरम असताना, 15 ते 30 सेकंद. सुरुवातीला 10 मिनिटं चालतं-फिरतं वॉर्मअपच पुरे. मागे वाकून कमान करण्याबद्दल मी विशेष कडक आहे. कमान करताना लहान मुलींच्या मज्जारज्जूला इजा झाल्याची प्रकरणं चीनमधल्या डॉक्टरांनी नोंदवली आहेत. त्यातल्या बहुतेक मुली 10 वर्षांखालच्या होत्या आणि एक्स-रेमध्ये हाड मोडलेलं दिसत नव्हतं. कमानीनंतर पाठ दुखली, पाय बधिर किंवा लुळे वाटले, तर मुलाला चालवायचं नाही. सपाट झोपवून ताबडतोब रुग्णालय गाठायचं, कारण लक्षणं काही मिनिटांत किंवा तासांतही वाढत जातात.

अरमंडी (भरतनाट्यमची अर्धी बैठक) असो वा बॅलेतला टर्नआउट, पाय बाहेर वळवायचा तो खुब्यातून. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहील एवढाच. पावलं जास्त उघडली की गुडघा आत पडतो आणि पिळवटतो. बोटांच्या टोकांवर उभं राहायचे बॅलेचे पॉइंट शूज साधारण 11-12 च्या आधी नकोत, तेही काही वर्षांच्या नियमित शिक्षणानंतर आणि घोट्यात ताकद असेल तरच. उड्या वर्गाच्या मध्यावर घ्याव्यात, थकलेल्या शेवटी नाही. उतरताना आवाज कमी, गुडघे वाकलेले. फरशीखाली थेट काँक्रीट असेल तर उड्यांची संख्या निम्मी करावी, कारण पातळ चटईने फारसा फरक पडत नाही.

वेळेचं माप सोपं आहे. क्रीडावैद्यकात असा ठोकताळा वापरतात की आठवड्याचे सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत, आणि आठवड्यात किमान एक दिवस पूर्ण सुट्टी हवी. यात दुसऱ्या वर्गाचे आणि खेळाचे तासही मोजायचे. इथेच हिशेब चुकतो, कारण प्रत्येक शिक्षक फक्त आपले तास धरतो. चार-पाच वर्षांच्या बॅचला 30 ते 40 मिनिटं पुरतात.

वजनकाटा वर्गात नसावा. मुलाच्या शरीराबद्दल शेराही नको, कौतुकाचासुद्धा. पुरेसं न खाता सराव केल्याने हाडं, वाढ आणि पाळी या सगळ्यावर परिणाम होतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला रेड-एस असं नाव दिलं. मुलीची पाळी 15 वर्षांपर्यंत सुरू झाली नाही किंवा सुरू होऊन तीन महिने थांबली, तर पालकांनी डॉक्टरांना दाखवावं.

पालकांचा विरोध बहुधा गाण्यावरून होतो, आणि तो कार्यक्रमाच्या तोंडावर येतो. म्हणून गाण्यांची यादी, कपड्यांचा नमुना आणि तालमींचं वेळापत्रक प्रवेशाच्या वेळीच हातात द्यावं. व्हिडिओ बाहेर टाकायची परवानगी त्याच कागदावर वेगळी विचारावी, आणि दिली तरी मुलाचं नाव व वर्गाची वेळ व्हिडिओसोबत लिहू नये.

दुखणं लपवणाऱ्या मुलांवर मात्र कागद चालत नाही. जागा जाईल या भीतीने ती गप्प बसतात. त्यासाठी प्रत्येक नाचात आम्ही बसून करायचा, हातांचा आणि चेहऱ्याचा एक भाग आधीच रचून ठेवतो. दुखलं असं सांगणारं मूल त्याच दिवशी त्या भागात जातं, रंगमंचावरची जागा कायम राहते, आणि दुखणं दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं, विशेषतः कमरेत, तर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय उड्यांमध्ये परत घेत नाही.