पहिल्या पावसाचं पाणी कोण पितं?

अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये पाऊस थंडीत पडतो. जून ते सप्टेंबर आभाळ कोरडं, मग जो सुरू होतो तो वसंतापर्यंत. माझं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं, त्यामुळे पावसाचं मला नवल नाही. पण इथल्या एच. जे. अँड्र्यूज जंगलातल्या एका अभ्यासाने माझी पावसाकडे बघायची नजरच बदलली.

हे जंगल आमच्या युजीन शहराच्या पूर्वेला, कॅस्केड पर्वताच्या उतारावर आहे. १९४८ पासून संशोधनासाठी राखलेलं. डग्लस फरचे अवाढव्य वृक्ष, खाली शेवाळ आणि कुजलेल्या सुयांचा जाड थर. धो धो पाऊस असला तरी उतारावरून पाणी वाहताना दिसत नाही, सगळं मुरतं. आणि तरी खालचा ओढा फुगतो!

मी शाळेत शिकले ते असं: पाणी मुरतं, जमिनीतल्या पाण्यात मिसळतं, त्यातलं काही झाड पितं, उरलेलं ओढ्याला मिळतं. रेने ब्रूक्स, जेफ्री मॅकडॉनल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली हेच तपासून पाहिलं. पाण्याच्या थोड्या रेणूंमध्ये जड ऑक्सिजन किंवा जड हायड्रोजन असतो आणि त्याचं प्रमाण दर पावसात थोडं बदलतं. त्या खुणेवरून पाणी ओळखता येतं. त्यांनी पाऊस, माती, झाडांची खोडं आणि ओढा, सगळीकडचं पाणी तपासलं.

उन्हाळ्याअखेर मातीची बारीक छिद्रं रिकामी असतात. शरदातला पहिला पाऊस तिथे शिरतो आणि घट्ट धरला जातो. नंतरचा हिवाळाभराचा पाऊस मोठ्या छिद्रांतून ओढ्याकडे निघून जातो, पण आधीच्या पाण्याला जागचं हलवत नाही. पुढच्या उन्हाळ्यात झाडं ते जुनं पाणी पितात. म्हणजे ओढ्याच्या काठावर उभं असलेलं झाडही ओढ्याचंच पाणी पीत असेल असं नाही. हे वाचलं त्या दिवशी मी किती जणांना सांगत सुटले होते!

यावर वादही झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. खोडातलं पाणी निर्वात पद्धतीने काढताना जड हायड्रोजनचं प्रमाणच बदलतं, असं २०२० मध्ये दाखवलं गेलं. त्यामुळे झाडाचं पाणी वेगळं आणि ओढ्याचं वेगळं असे जगभर काढलेले काही निष्कर्ष पुन्हा तपासावे लागताहेत.

दुसरा अभ्यास २०१६ चा. स्कॉट जसेच्को आणि जेम्स कर्शनर यांच्या गटाने जगभरातल्या २५४ पाणलोटांच्या नोंदी घेतल्या. नद्यांच्या एकूण पाण्यापैकी सुमारे एक तृतीयांश पाणी तीन महिन्यांपेक्षा कमी वयाचं निघालं. आणि उतार जितका तीव्र, तितकं हे ताजं पाणी कमी! डोंगरावरून पाणी लगेच पळून जातं असंच मी धरून चालले होते.

मे महिन्यात बाबांचा फोन आला की टँकरचा विषय निघतोच. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि वाडीवर पाणी नाही. "एवढा पडून जातो कुठे गो?" हा त्यांचा दरवर्षीचा प्रश्न. सड्याचा, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाचा, जांभा दगड पाणी पटकन घेतो आणि पटकन सोडूनही देतो, हे त्याचं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं मातीत आहे. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात मायकेल बोनेल, जगदीश कृष्णस्वामी या संशोधकांनी केलेल्या मोजणीत नैसर्गिक जंगलाखालची माती उजाड झालेल्या रानापेक्षा कितीतरी वेगाने पाणी मुरवते असं दिसलं. झाडं पाणी पितातही, म्हणून जंगल म्हणजे आपोआप जास्त पाणी असं नाही. मुरणारं जास्त की पिऊन जाणारं, हे जागेजागेवर ठरतं.

बाबा म्हणतात, पूर्वी आमचा पऱ्या, म्हणजे वाडीचा ओहोळ, मे महिन्यातही बारीक वाहायचा. वरचं रान तोडून कलमं लावल्यापासून शिमग्यालाच आटतो. एका घरच्या आठवणीवरून काही सिद्ध होत नाही. पण मार्चमध्ये झऱ्याला असलेलं पाणी जुलैचं की त्याआधीच्या वर्षाचं, हे वर्षभर बाटल्या भरून, तीच जड ऑक्सिजनची खूण वापरून तपासलं तर पुष्कळसं कळू शकतं. नवी विहीर किंवा बंधारा कुठे घ्यायचा हे ठरवण्याआधी कुणीतरी आमच्या वाडीत ते तपासायला हवं. जवळपासच्या महाविद्यालयातले भूगोलाचे किंवा भूशास्त्राचे शिक्षक हे वाचत असतील तर कृपया मला लिहा. दर पंधरवड्याला बाटली भरून ठेवायला बाबा तयार आहेत.