टाकीला झाकण आहे का? हो.

गेल्या वर्षी या बालवाडीच्या अहवालात मी लिहिलं होतं, ‘उपलब्ध जागेचा कल्पक वापर.’ सिंहगड रस्त्याच्या आतल्या गल्लीतला जुना बंगला, खाली शाळा, वर मालक. मैदान नाहीच, म्हणून पोर्चच्या फरशीवर ऑइलपेंटनं ठिक्करबिल्ल्याची घरं आखलेली. शेवटचं मोठं घर, जिथे दोन्ही पायांनी धप्पकन उडी मारायची, ते जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीच्या लोखंडी झाकणावर. पत्र्याचा आवाज मस्त येतो, पोरं खूश. मी फोटो काढला आणि तो ट्रस्टच्या वार्षिक अहवालात छापूनही आला.

आमचा ट्रस्ट ज्या बालवाड्यांना मदत देतो, त्या वर्षातून एकदा बघून गुण देणं हे माझं काम. लोकांना वाटतं, तपासणी म्हणजे फायली. फायली वीस मिनिटांत उरकतात. मी साडेनऊला जाते आणि कोपऱ्यात सतरंजीवर बसते, कारण खुर्चीतून दिसणारा वर्ग आणि तीन वर्षांच्या मुलाला दिसणारा वर्ग वेगळा असतो. डबे झाल्यावर मोरीतला साबण चाचपते. तो कोरडा ठणठणीत असला, तर भिंतीवरचा ‘हात स्वच्छ धुवा’चा तक्ता माझ्यासाठीच लावलाय हे कळतं. संडासाची कडी बाहेरून उघडते का, ते बघते. पर्समध्ये टॉयलेट रोलची पुठ्ठ्याची नळी असते. तिच्यातून जे आरपार जातं ते लहान मुलाच्या घशात अडकू शकतं, असा आमचा ढोबळ हिशेब. मणी, चिंचोके, मार्करची टोपणं, सगळं त्यातून काढते. पालक मात्र विचारतात, सीसीटीव्ही मोबाइलवर दिसतो का आणि एबीसीडी कधी सुरू करणार!

सगळ्यात जीव लावून मी प्रश्न मोजते. वहीत दोन रकाने: उत्तर ताईला आधीच ठाऊक आहे असे प्रश्न, आणि ठाऊक नाही असे. ‘हा कुठला रंग?’ पहिल्यात. बहुतेक ठिकाणी दुसरा रकाना कोराच राहतो. इथे या वर्षी मी गेले त्या शुक्रवारी कुंडीत गोगलगाय सापडली होती. ताईंनी विचारलं, “ही घर पाठीवर घेऊन का फिरत असेल?” पावसासाठी, चोरासाठी, आई रागावते म्हणून, अशी उत्तरं आली. एकजण म्हणाला, “तिला भाडं द्यायला लागत नाही.” बारा मिनिटं चाललं ते, आणि ताईंनी एकदाही ‘शाब्बास’ म्हणून विषय मिटवला नाही. असा वर्ग मला वर्षात एखादाच मिळतो. मी पूर्ण गुण लिहून मोकळी झाले.

शुक्रवार म्हणाले ते मुद्दाम. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचा वार बहुधा गुरुवार, आणि मग ‘शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल’ हे वाक्य पुणेकरांना तोंडपाठ. दहाच्या सुमाराला टाकीत किती पाणी आलंय ते बघायला मावशींनी झाकण उचलून भिंतीला टेकवलं, आणि मला त्याची खालची बाजू दिसली. वरून हिरवा-पिवळा रंग, खालून पापुद्रे. कडेला स्क्रूड्रायव्हर टेकवून जरा जोर दिला, तर तो आत गेला. खाली साताठ फूट खोल टाकी, निम्मी भरलेली.

मी खेळ थांबवला आणि दोन बाकं आडवी लावून घेतली. संचालिका बाई आधी घाबरल्या, मग चिडल्या. “गेल्या वर्षी तुम्हीच फोटो काढलात ना?” यावर मी काय बोलणार? मालक वरून म्हणाले, “भाडेकरूंनी करून घ्यावं.” संध्याकाळपर्यंत फॅब्रिकेशनवाला आला. पैसे बाईंनीच दिले.

आमचा फॉर्म चोपन्न प्रश्नांचा. २००४ साली कुंभकोणमच्या शाळेत आगीत ९४ मुलं गेली. आगीवर आमच्याकडे सहा प्रश्न आहेत, आणि ते हवेतच. राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या सूचनांप्रमाणे वीस मुलांमागे एक शिक्षिका, एक मदतनीस, तेही आहे. टाकीबद्दल एकच ओळ: ‘पाण्याच्या टाकीला झाकण आहे का?’ मी दोन्ही वर्षी ‘हो’वर टिक केलीय. खोटं नव्हतंच ते. शिक्षणहक्क कायदा सहा वर्षांपासून पुढच्या मुलांचा. त्याच्या आतल्यांसाठी अशा फॉर्मांवर आणि माझ्यासारख्यांच्या डोळ्यांवरच भिस्त. आणि माझे डोळे गोगलगायीकडे.

निघताना मावशींना विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?”

“दर शुक्रवारी उघडते की मी. बाईंना बोलले होते. मालक बघतो म्हणाले.”

“आणि मला का नाही सांगितलंत?”

“तुम्ही कुठं काय विचारलं, मॅडम? तुम्ही ताईंशीच बोलता.”

घरी येऊन गेल्या वर्षीचा फोटो काढला. हवेत एक मुलगी, दोन वेण्या उडालेल्या. उजव्या कडेला कापलं गेलेलं हिरवं लुगडं, आणि झाकणाच्या काठाशी फरशीवर रोवलेला एक पाय. मागे पोरं रांगेत. मग अहवाल काढला. मदतनिसांच्या रकान्यात माझ्याच अक्षरात होतं: ‘खेळात सहभागी होत नाहीत, एका जागी उभ्या राहतात. एका वेळी एकाच मुलाला सोडतात, बाकीची ताटकळतात.’ पाचपैकी दोन गुण.

या वर्षीचा अहवाल सोमवारी द्यायचा होता. आज गुरुवार. बाकी सगळे रकाने भरलेत.