सिएनाच्या फरशीवरचा हर्मीस

इटलीतल्या सिएनाच्या कॅथीड्रलमध्ये शिरल्यावर नजर आपोआप काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या खांबांवर जाते. मी मात्र फरशी पाहायला गेले होते. मुख्य दारातून आत आलं की पायाशीच हर्मीस ट्रिसमेजिस्टस भेटतो, दंतकथेतला प्राचीन इजिप्तचा ज्ञानी. जिओव्हानी दि स्तेफानोने १४८८ साली संगमरवरात साकारलेला.

टोकदार उंच टोपी, लांब दाढी, पायघोळ झगा. एका हाताने तो समोर वाकलेल्या माणसाला ग्रंथ देतोय. दुसरा हात एका शिलालेखावर टेकलाय आणि तो शिलालेख पंखवाल्या दोन स्फिंक्सनी पेललाय. पायाखालच्या पट्टीत लॅटिनमध्ये लिहिलंय, ‘मोझेसचा समकालीन’, म्हणजे ख्रिस्ताच्या कितीतरी आधीच्या ज्यूंच्या प्रेषिताच्या काळातला.

हर्मीसच्या नावावरून आलेला ‘हर्मेटिक’ हा शब्द म्हटला की आज ताईत, टॅरो आणि गुप्त मंडळं आठवतात. मग हा चर्चच्या दारात कसा? कारण तेव्हाच्या विद्वानांच्या लेखी तो ख्रिस्ताची चाहूल आधीच लागलेला इजिप्तचा ऋषी होता.

फ्लॉरेन्समध्ये तर या वेडाचा उगमच सापडतो. १४६० च्या सुमारास मॅसिडोनियातून एका भिक्षूने हर्मीसच्या नावावरचं ग्रीक हस्तलिखित आणलं. फ्लॉरेन्सचा सत्ताधारी, म्हाताऱ्या कोसिमो मेडिचीने विद्वान मार्सिलिओ फिचीनोला प्लेटोचं भाषांतर बाजूला ठेवून आधी हे भाषांतरित करायला लावलं. १४६३ मध्ये काम पुरं झालं, पुढच्याच वर्षी कोसिमो गेला. मरणाआधी त्याला हेच वाचायचं होतं, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

त्या ग्रंथात मंत्रतंत्र जवळजवळ नाहीच. देव, विश्व आणि माणूस एकमेकांत गुंफलेले आहेत, स्वतःला ओळखणारा देवापर्यंत पोचतो, असं त्याचं सांगणं. पण ग्रहांचं नातं खालच्या धातूंशी, वनस्पतींशी, रत्नांशी असेल, तर ते कामालाही लावता येईल, हा विचार फार लांब नव्हता. किमया, ज्योतिष, ताईत यांना त्यातूनच बळ मिळालं. खुद्द फिचीनोवर १४८९ च्या आरोग्यविषयक ग्रंथामुळे जादूचा आरोप आला. १८८८ मध्ये लंडनच्या गोल्डन डॉन या गुप्त मंडळाने तर ‘हर्मेटिक’ हे बिरुदच लावलं.

१६१४ मध्ये ग्रीकचा पंडित आयझॅक कॅसोबाँने ग्रंथाची ग्रीक भाषा तपासून दाखवून दिलं की तो ख्रिस्तोत्तर काळातला आहे. म्हणजे फरशीवरचं ‘समकालीन’ चुकीचं. तरी मला तो ग्रंथ कमी मोलाचा वाटत नाही. जुनेपणावर त्याची प्रार्थना अवलंबून नव्हतीच.

जाणार असाल तर युरोपातल्या उन्हाळ्याच्या अखेरीस, ऑगस्ट-सप्टेंबरात जा. एरवी बरीचशी फरशी झाकलेली असते.