चपलेचा बटवा

खजुरी बाजारात गेले होते लेकीसाठी दहावीचं गाईड शोधायला, परत आले ते 'चंद्रकांता' ही जुनी हिंदी कादंबरी घेऊन. दुकानदाराने विचारलं, "बच्चों के लिए?" मी बिनदिक्कत हो म्हणून टाकलं.

नवव्या-दहाव्या वर्षी हे पुस्तक मी किती वेळा वाचलं याला गणती नाही. घरात मराठी आणि फाटकाबाहेर हिंदी, असं आमचं इंदुरातलं बालपण. आजोबांनी ग्रंथालयातून आणलेली मराठी पुस्तकं हात धुऊन वाचायची असत. ही मात्र शेजारून आलेली, कव्हर गळालेली हिंदी पोथी. माळ्यावर पालथं पडून, शेव खात वाचायची. ही वाचता यावी म्हणून लोक हिंदी शिकले, असं म्हणतात. मी तशी हिंदी शिकले नाही. उर्दू शब्द आला की डबकं ओलांडावं तशी उडी मारून पुढे जायची.

मला राजकन्या कधीच व्हायचं नव्हतं. ती सारखी रडते नाहीतर बेशुद्ध पडते. मला व्हायचं होतं तिची मैत्रीण, ऐयारा. ऐयार म्हणजे थोडा हेर, थोडा बहुरूपी, थोडा वैदू. कमरेला खंजीर, हातात कमंद म्हणजे भिंती चढायचा दोर आणि बगलेत बटुआ. त्या बटुव्यात बेशुद्ध करायची बुकनी आणि शुद्धीवर आणणारा लखलखा. पण या माझ्या आवडत्या ऐयारेचं नाव चपला! मराठी घरात "मी चपला होणार" असं जाहीर केल्यावर काय झालं असेल ते सांगायला नको. धाकट्या भावाने दारातल्या सगळ्या जोड्यांना माझी भावंडं ठरवलं.

त्याचा सूड मी घेतला. आजीच्या कनवटीची तपकिरीची डबी लांबवली, तपकिरीत पावडर मिसळली आणि झोपलेल्या भावाच्या नाकाशी धरली. बेशुद्ध कसला होतोय! एवढा शिंकला की डोळे लाल, नाक लाल, पुढे पुढे तर रडायलाही सवड मिळेना. आजीने कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरला. तिला चक्कर, फेफरं, शिंका, सगळ्यावर तोच उपाय ठाऊक. मी दाराआडून पाहत होते. लखलखा म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

आता पुन्हा वाचायला घेतलं. पहिल्याच पानावर राजकुमार वीरेंद्रसिंह आणि त्याचा ऐयार तेजसिंह संध्याकाळी डोंगराखाली खडकावर बसून बोलताहेत. वीरेंद्रसिंहाचं वय एकवीस-बावीस. लहानपणी हा मला केवढा मोठा वाटायचा. आता बघते तर माझ्या भाच्याच्या वयाचा. तीसेक पानांत मला त्याच्यापेक्षा त्याच्या वडिलांचीच काळजी वाटायला लागली. एकुलता एक मुलगा, आणि हे उद्योग!

देवकीनंदन खत्रींनी ही कादंबरी 1888 साली लिहिली. त्याआधी त्यांच्याकडे चकिया आणि नौगढच्या जंगलांचं कंत्राट होतं. तिथले पडके किल्ले, गुहा त्यांनी पाहिल्या आणि त्यातून तिलिस्म, म्हणजे गुप्त दारांचं मायावी जग, उभं केलं. लहानपणी हे कुणी सांगितलं असतं तर माझा विरसच झाला असता. आता मात्र पानोपानी तो कंत्राटदार दिसत राहतो. जादू म्हणावी तर सगळी यंत्रांची. सिंहाच्या तोंडात हात घालून जीभ ओढली की दार उघडणार. माणसं गिळणारा बगळासुद्धा दगडी, कळीवर चालणारा. मला हे फार आवडलं. मंत्रापेक्षा कळ बरी, निदान दुरुस्त तरी करता येते.

पण माझा सगळ्यात आवडता प्रसंग काही केल्या सापडेना. चपला स्वयंपाकिणीचं सोंग घेऊन नदीखालच्या भुयारातून ताट नेते. वर नदी वाहतेय, छतातून थेंब पडताहेत, आणि एक थेंब वरणात. इतकं लख्ख आठवतं की पान डाव्या हाताला होतं हेही सांगेन. दोन रात्री शोधलं. चारही भाग चाळले. नाही.

मग डोक्यात उजेड पडला. लालबाग! होळकरांच्या त्या राजवाड्याचं स्वयंपाकघर खान नदीच्या पलीकडे, आणि जेवण यायचं ते भुयारातून. बाबांनी एका रविवारी दाखवायला नेलं होतं. सगळे झुंबरं बघत होते आणि मी मात्र विचारत होते, ताट नेईपर्यंत भाजी गार होत नसेल का?

रात्री भावाला फोन लावला. म्हटलं, "अरे, तो भुयाराचा प्रसंग पुस्तकात नाहीच!"

"नव्हताच, ताई. दिवे गेले की तू सांगायचीस. मी झोपायचो नाही म्हणून." मग जरा थांबून म्हणाला, "आणि वरण नव्हतं. ताटात भुट्ट्याचा कीस होता."

"वरण होतं."

"कीस. थेंब पडला तेव्हा चुर्रर्र झालं होतं, तूच आवाज काढायचीस."

"वरणाचाही आवाज होतो," मी म्हटलं.